सातवं ठिगळ

जेवणाच्या सुट्टीत मेल आला. मास्तरांचा होता. विषयाच्या जागी एकच शब्द होता, ‘सातवं’, आणि तो वाचताच तिच्या हातातला घास हातातच राहिला. तिने डब्याला झाकण लावलं, खिडकी उघडायला उठली, खिडकी उघडीच होती म्हणून परत येऊन बसली, आणि मग मेल उघडला. मास्तर नेहमी लिहायचे तसंच लिहिलं होतं, आखूड वाक्यांत, फळीवर रेघ मारून करवत चालवावी तसं. ‘तुमच्या पॅकेजात सहज डोकावलो होतो. सातवं ठिगळ पाहिलं, पहिला शब्द गिळला जातो त्याचं. तारीख उन्हाळ्याच्या सुरुवातीची आहे. आमच्याकडे हा त्रास साधारण तेव्हापासूनच चालू आहे. आमची ही स्क्रीनवर “नको” दाबायची आणि आवाजच यायचा नाही. मी समजायचो, हो म्हणते आहे. बोट नीट टेकव म्हणून रागावलोही तिला. ते मला पाठवायचं राहिलं का?’ शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. त्यात राग नव्हता. उलट तिच्यासाठी एक दार किलकिलं करून ठेवलं होतं. तिने फक्त ‘हो, राहिलं’ म्हणायचं आणि त्यातून निघून जायचं. कामाच्या रगाड्यात माणसाचं काही ना काही राहतंच, कोण विचारतंय. पण ते राहिलं नव्हतं. ते तिने ठेवून घेतलं होतं.

ती टाइल्सच्या एका मोठ्या गोदामात कॉम्प्युटर सांभाळायची. कुठली खोकी कुठल्या रांगेत, कुठला रंग संपला, कुठल्या गाडीत काय चढलं, हे सगळं ज्या प्रोग्राममध्ये राहायचं तो चालता ठेवणं हे तिचं काम. ऑफिसला लागूनच नमुन्यांचा हॉल होता. तिथे लाकडी चौकटींत टाइल्स उभ्या करून ठेवलेल्या असत, मोठ्या वहीची पानं उलटावीत तशा उलटून बघायच्या. दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं. ती उठून तिथे गेली आणि पांढऱ्यांच्या चौकटीपाशी उभी राहिली. कंपनीकडे पांढरेच चार होते, दूध, ढग, चुना आणि शिंपला, आणि नव्या माणसाला ते चारही एकच वाटत. तिने चुन्यावर तळवा टेकवला. गार लागलं. हात काढला तेव्हा बोटांची वाफ टाइलवर उमटली होती, ती हळूहळू आक्रसत नाहीशी झाली. मास्तरांची बायको चहा नको म्हणत असणार आणि मास्तर कप भरत असणार. मौन म्हणजे संमती. उन्हाळा गेला, पाऊस आला, तोही ओसरला, तोवर कितीदा कप भरला असेल? खिडकी लावू का विचारलं असेल, दिवा घालवू का विचारलं असेल. तिने न पाहिलेली ती बाई तिला स्वच्छ दिसायला लागली. पांढरे केस, मांडीवर पाटीएवढा स्क्रीन, आणि त्या स्क्रीनवर पुन्हा पुन्हा टेकणारं बोट.

तो प्रोग्राम तिच्या आयुष्यात आला तो तिच्याच गळ्यापायी. दोन वर्षांपूर्वी स्वरयंत्रावर छोटीशी गाठ निघाली. भिण्यासारखं काही नाही म्हणाले, काढूनही टाकली, पण डॉक्टरने बजावलं, पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. तेव्हा तिने शोधून हा प्रोग्राम उतरवून घेतला. स्क्रीनवर चौकोन, चौकोनात शब्द, बोट टेकवलं की तो शब्द बोलला जातो. स्वतःचे चौकोनही करता येत. पहिल्या दिवशी तिने हौसेने पानंच्या पानं भरली. माझी काळजी करू नका. आवाज येईल, वेळ लागेल. तुम्ही कसे आहात? सुट्टी टाकून घरी बसली आणि वाट बघू लागली की आता हे कुणाला तरी ऐकवावं लागणार. लिफ्टमध्ये शेजारी भेटला, त्याने मान हलवली, तिने मान हलवली. दुकानात सामान गल्ल्यावर ठेवलं, तिथला माणूस काही न बोलता यंत्राने खोकी टिपत गेला. सबंध पंधरा दिवसांत सगळ्यात जास्त वापरला गेलेला चौकोन ‘पिशवी नको’ हा होता. धाकट्या बहिणीचा फोन यायचा तेव्हा ती फोन स्क्रीनपाशी धरून ‘हं’ दाबायची. तो ‘हं’ जाडसर पुरुषी आवाजात यायचा, आणि धाकटी हसून म्हणाली होती, ‘तुझ्यापेक्षा हाच बरा. निदान हं तरी म्हणतो.’ सोळाव्या दिवशी डॉक्टरने बोला म्हटल्यावर तिला काय बोलावं ते सुचेना. तिने आपलं नाव सांगितलं. आवाज परत आला होता, पण त्याच्यावाचून तसं काहीच अडलं नव्हतं, हे कळलं होतं ते मात्र आता जाणार नव्हतं.

प्रोग्राम ज्या संग्रहातून घेतला होता तो मोठा होता, जगभरची माणसं फुकट काम करून चालवत. कुणीतरी कुठेतरी लिहिलेले प्रोग्राम घ्यायचे, तपासायचे, बांधून पॅकेज करायचं आणि कुणालाही नेता येतील असे मांडून ठेवायचे. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा. या पॅकेजचा सांभाळणारा कधीचा सोडून गेला होता आणि त्याच्या पानावर सूचना लागली होती, कुणी वाली न मिळाल्यास काढून टाकण्यात येईल. ती सूचना तिला लागली. कुणाला तरी खरोखरच त्या चौकोनांची गरज असेल, तिच्यासारखी नव्हे, खरी. तिने अर्ज केला. नव्या माणसाचं काम तपासायला तिथे एक जुना जाणता असतो. तिच्या वाट्याला जो आला त्याचं तिने मनाशी चाळणी असं नाव ठेवलं, कारण त्याच्या हातून बारीकसा खडाही निसटत नसे. मूळ प्रोग्रामला हात लावायचा नाही, आपले बदल वेगळे ठेवायचे आणि बांधताना वरून लावायचे, ही तिथली रीत. त्यांना सगळे पॅच म्हणत. ती त्यांना ठिगळं म्हणायची. आधीचा सांभाळणारा जाताना सगळी ठिगळं एकात एक शिवून एक गाठोडं करून गेला होता. हजारभर ओळी, का केलं, कुणासाठी केलं, एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही. तिने ते तसंच पुढे पाठवलं तर चाळणीने त्याच दिवशी परत पाठवलं. ‘हे पॅच नाही, हा कचऱ्याचा डबा आहे. सोडवा. एका पॅचला एकच कारण. प्रत्येकाच्या डोक्यावर लिहा, काय, कशासाठी, कुणाचं, आणि मूळ लेखकाला पाठवलं की नाही. ज्याचं कारण सापडणार नाही ते फेकून द्या.’

मग रविवारच्या सकाळी त्यात गेल्या. खाली रस्त्यावर एखादीच गाडी, स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर, आणि टेबलाशी ती, एकेक ओळ उचलून ही कुणाची म्हणून बघत बसलेली. ही ओळ अक्षरं मोठी दिसावीत म्हणून. ही जुन्या कॉम्प्युटरवर चालावं म्हणून. ही दुसरीसारखी दिसते, पण हिचं काम वेगळं. तिच्या हाताला त्याची सवय होती. गाडीत फुटलेल्या खोक्यांतून चुना आणि ढग एकत्र होऊन येत तेव्हा माल उतरवून घेणारा गोदामवाला तिलाच बोलावायचा, तुमची नजर बरी म्हणून. संध्याकाळ झाली तरी उठवत नसे. तिच्या घरातल्या वस्तूंनासुद्धा इतकं जवळून तिने कधी बघितलं नव्हतं. गाठोड्यातून शेवटी सहा ठिगळं निघाली, वेगवेगळी, स्वच्छ, प्रत्येकाच्या कपाळावर आपापलं कारण. उरलेला गाळ तिने फेकून दिला. चाळणीने उलट टपाली एकच शब्द लिहिला, ‘चांगलं’, आणि खाली जोडलं, ‘आता मूळ लेखकाकडे पाठवा. पॅच ही जपून ठेवायची वस्तू नाही. त्याने घेतलं की आपल्याकडचं काढून टाकायचं. एकही उरलं नाही म्हणजे काम फत्ते.’

मूळ लेखक म्हणजे मास्तर. उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. प्रोग्रामवर कित्येक महिन्यांत कुणाचा हात फिरलेला दिसत नव्हता. पहिलं ठिगळ पाठवलं आणि विसरून गेली, तर आठवड्याने मेल. ‘अक्षरं मोठी केलीत ते बरं केलंत. पण कडेचा चौकोन तुटतो. बघा.’ तिने बघितलं, खरंच तुटत होता. दुरुस्त करून पाठवलं. त्यांनी आणखी एक खोट काढली. असं चार वेळा इकडून तिकडे झाल्यावर त्यांनी ते घेतलं, आणि घेतल्याचं कळवताना खाली एक ओळ ज्यादा लिहिली, की मी काही प्रोग्रामवाला नाही, तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवायचो, बायकोचा आवाज गेला म्हणून हे शिकलो, तेव्हा चुका असणारच. त्या दिवसापासून ती त्यांना मास्तर म्हणायला लागली, आधी मनात, मग मेलमध्ये. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही, पण पुढच्या मेलखाली सही ‘मास्तर’ अशी आली. दुसऱ्या ठिगळाबरोबर त्यांच्या घरातली कामाची खोली कळली, भुशाचा वास असलेली, जिथे आता लाकडाऐवजी कॉम्प्युटर होता. तिसऱ्याबरोबर बायको. आमच्या हिने स्वतः होऊन एक चौकोन केलाय, ‘पुरे आता’, आणि मी प्रोग्रामबद्दल बोलायला लागलो की ती तो दाबते. मास्तरांचं हे लिहिलेलं ती बसच्या थांब्यावर वाचत होती. तिला हसू आलं आणि बाजूची बाई सरकून उभी राहिली. मेल यायचा तो आठवडाच निराळा जायचा. गोदामवाला तोंडाचा पट्टा सोडून बसला तरी तो तिला सोसायचा. संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरताना, आत कुणी नसलं तरी, आत काहीतरी आहे असं वाटायचं. पाचव्या ठिगळापासून तिने मुद्दाम सावकाश पाठवायला सुरुवात केली. तयार असलेलं चार दिवस तसंच ठेवायची. सगळा शिधा एकदम संपवू नये, इतकंच तेव्हा मनात होतं. त्यात पाप काही नव्हतं.

सातवं गाठोड्यातलं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. नवीन कॉम्प्युटरमध्ये आवाजाचा भाग वीज वाचवायला मध्येच झोपी जातो. त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात पहिला शब्द बोलून झालेलाही असतो, कुणालाच न ऐकू येता. एका रविवारी तिला ते सापडलं, आणि उपायही सुचला, की शब्दाच्या आधी जराशी शांतता पाठवायची. आवाज जागा झाला की मग शब्द. इतक्या सोप्या गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की ती उठून घरभर फिरली. तिने ते लिहिलं, आपल्या पॅकेजात घातलं, चाळणीने पास केलं. त्याच आठवड्यात मास्तरांनी सहावं घेतलं आणि कळवलं, झकास, आता तुमच्याकडचं सगळं आलं वाटतं. तिने सातव्याचा मेल लिहायला घेतला. वर नाव, खाली ठिगळ, सगळं तयार. आणि मग तिला त्याच्या पलीकडचं दिसलं. ते हे घेतील, दोनचार चुका काढतील, घेतल्याचं कळवतील, आणि संपलं. ठिगळाशिवाय मास्तरांना काय लिहायचं असतं? तिने एकदा प्रयत्न करून पाहिला होता. आज आमच्याकडे वारा फार आहे, एवढं लिहून तिने ते पुसून टाकलं होतं. आपल्या वयाची बाई एका अनोळखी म्हाताऱ्याला वाऱ्याबद्दल कळवते म्हणजे काय. सातव्याच्या डोक्यावर ‘मूळ लेखकाला पाठवलं का’ या रकान्यात तिने लिहिलं, ‘नाही, अजून तपासते आहे’. तपासायचं काहीच राहिलं नव्हतं. पण एक ठिगळ हाताशी असेपर्यंत ती मास्तरांना कधीही लिहू शकत होती, आणि लिहू शकते हे माहीत असणं तिला पुरत होतं. कुणाचं बिघडलं? तिच्या संग्रहातून घेणाऱ्यांना दुरुस्ती मिळालीच होती. बाकीच्या जगातल्या पहिल्या शब्दांचं काय होत असेल, हा विचार यायचा, नाही असं नाही. आला की ती उठून भांडी घासायची. मास्तर स्वतःच्या घरी स्वतःचाच मूळ प्रोग्राम चालवत असणार, तिचं पॅकेज नाही, एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आलीच नव्हती. किंवा तिने येऊ दिली नव्हती.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. धाकटी दुसऱ्या गावी, नवरा, दोन मुलं, नोकरी, आणि फोन करायची तो एका हाताने काहीतरी आवरत. मोठीच्या हं-हं मध्ये काहीतरी वेगळं तिला आज ऐकू आलं असावं, कारण नळ बंद करून तिने विचारलं, काय झालंय. मोठीने सांगितलं, एकाला एक काम पाठवायचं होतं, ते पाठवलं नाही, त्याच्या घरी त्याचा त्रास झाला, आता तो विचारतोय राहिलं का म्हणून. धाकटी म्हणाली, ‘मग राहिलं म्हण ना. त्याने तुला शब्दसुद्धा तयार करून दिलाय.’ मोठी म्हणाली, राहिलं नव्हतं. ‘मग काय झालं होतं?’ सांगायचं तर वाऱ्यापासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं म्हणजे, तुझा फोन मला पुरत नाही, हेच सांगायचं. पलीकडून मुलगा काहीतरी मागत होता. थांबते जरा, उद्या बोलू, असं म्हणून धाकटीने फोन ठेवला, आणि ती त्याच खुर्चीत उजेड कमी होत जाताना बसून राहिली.

तिला वडील आठवले. वडील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, दिवसभर कानाला यंत्र लावून या माणसाला त्या माणसाशी जोडून द्यायचे. घरी त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं. ‘जोडून दिलं की आपण बाजूला व्हायचं,’ एवढं एक वाक्य ते कामाबद्दल बोलत. पण एकदा जेवताना त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. एक बाई रोज दुपारी फोन करायची आणि किती वाजले विचारायची. ते सांगायचे, ती आभार मानून ठेवायची. वर्षभर चाललं होतं. मग वेळ सांगणारा वेगळा नंबर सुरू झाला आणि वरून हुकूम आला, विचारणाऱ्याला तो नंबर द्यायचा. त्यांनी तिला नंबर दिला. ती म्हणाली, अच्छा. त्यानंतर तिचा फोन आला नाही. आई हसली होती, म्हणाली, बिचारीकडे घड्याळ नसेल. दोघी मुलीही हसल्या. वडील हसले नाहीत. त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि हात धुवायला उठून गेले. तेव्हा तिला वाटलं होतं त्यांना बाईची दया आली. आज, चाळीस वर्षांनी, अंधारत चाललेल्या खोलीत बसून तिला पहिल्यांदाच शंका आली की त्यांना स्वतःचंच काहीतरी वाटलं असेल. रोज दुपारी कुणीतरी त्यांनाही काहीतरी विचारत होतं. तरी त्यांनी नंबर दिला. लपवून ठेवता आला असता.

तिने उठून दिवा लावला आणि टेबलाशी बसली. आधी सातवं ठिगळ काढलं, मास्तरांच्या ताज्या प्रोग्रामवर बसतं का पाहिलं, बसलं, आणि ते एकटंच पाठवून दिलं, त्यासोबत कामापुरत्या दोन ओळी. मास्तरांच्या बायकोने आणखी एक दिवसही वाट बघायला नको होती. मग दुसरा मेल लिहिला. तो पहिल्यांदा लांबलचक झाला, त्यात गळा आला, पंधरा दिवस आले, एकटेपणा हा शब्दसुद्धा आला. तिने तो वाचला आणि तिला त्याची शिसारी आली. भीक मागितल्यासारखा वाटला. सगळं पुसून तिने लिहिलं, ‘राहिलं नव्हतं. तयार होतं, मी पाठवलं नाही. पाठवलं असतं तर तुम्हाला लिहायला माझ्याकडे काही उरलं नसतं. तुमच्या घरी त्रास होतोय हे माहीत नव्हतं, पण कुणाच्या तरी घरी होत असणार हे माहीत होतं. तुम्ही त्यांना उगीच रागावलात ते माझ्यामुळे. तेवढं त्यांना सांगा.’ माफ करा असं शेवटी लिहिलं होतं, तेही काढलं. ज्याने करायचं तो करेल, नाही तर नाही. पाठवलं, आणि घर नेहमीपेक्षा मोठं वाटायला लागलं.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. फोन वाजला की ती दचकायची, आणि ते गोदामातलंच काहीतरी असायचं. मग एका सकाळी संग्रहाकडून यंत्रानेच धाडलेली सूचना आली की मूळ लेखकाने प्रोग्रामची नवी आवृत्ती काढली आहे. तिने ती उघडली. बदलांच्या यादीत पहिली ओळ पहिल्या शब्दाची होती, आणि ओळीच्या शेवटी दुरुस्ती करणारी म्हणून तिचं नाव. नाव बरोबर लिहिलं होतं. बाकी तिच्यासाठी म्हणून एक अक्षर नव्हतं. तिला वाटलं, मास्तर असेच असणार. शाळेत एखाद्या पोराने हत्यार लपवून ठेवलं तर त्याला मारलं नसेल. नोंद करून दुसऱ्या पोराकडे वळले असतील. रविवारी तिने नवी आवृत्ती पॅकेजात बांधली. ठिगळांचा फोल्डर उघडला. आत एकच उरलं होतं आणि त्याचीही आता गरज नव्हती. तिने ते काढून टाकलं आणि रिकामा फोल्डरही काढून टाकला. चाळणीकडून लगेच पास होऊन आलं. ‘एकही पॅच नाही. असं पॅकेज फार क्वचित बघायला मिळतं. शाबास.’ तिने ते वाचलं, आभार लिहिले, आणि सबंध दुपार काय करावं हे न कळून कपाटातल्या चादरी बाहेर काढून पुन्हा घड्या घालत बसली. शाबासकी तिला इतकी कधी बोचली नव्हती. मधल्या काळात धाकटीने दोनदा विचारलं, त्या माणसाचं काय झालं. ती म्हणाली, मिटलं. एका परीने खरंच होतं ते.

पावसाळ्याचा ओलावा भिंतींतून निघून गेला, संध्याकाळी लवकर दिवे लागायला लागले. एका गुरुवारी गोदामात एक गिऱ्हाईक भांडायला आलं. घरातली सबंध भिंत लावून झाली आणि सकाळच्या उजेडात त्याला दिसलं की अर्धी भिंत चुना आहे, अर्धी ढग. चूक गोदामाचीच होती. गोदामवाल्याने हात जोडले, तिने नोंदी दाखवून चूक कबूल केली, टाइल्स बदलून द्यायचं ठरलं. भांडण मिटलं तरी माणूस जाईना. तो नमुन्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसला आणि चौकटी उलटून उलटून पांढरे बघत राहिला. तासाभराने तिने विचारलं, काही हवंय का. तो म्हणाला, नाही, घरी जाऊन तरी काय करायचंय, इथे गार आहे. गोदाम बंद व्हायच्या वेळी तो उठला, आणि जाताना म्हणाला, भिंत राहू दे तशीच, सवय झाली. घरी येईपर्यंत तो माणूस तिच्या डोक्यातून गेला नाही. कपडे बदलण्याआधीच ती टेबलाशी बसली आणि तिने मास्तरांना मेल लिहिला. विषयाची जागा मोकळी सोडली. कुठलंही ठिगळ नाही, असं पहिल्या ओळीत सांगून टाकलं. मग तो माणूस कसा आला, काय म्हणाला, कसा बसला, चुना आणि ढग यांत फरक नेमका किती, सगळं सावकाश लिहिलं, कुठलीही गोष्ट कशासाठी सांगते आहे हे न सांगता. उत्तराबद्दल काही लिहिलं नाही. पाठवण्याआधी बोट क्षणभर थांबलं. लाज वाटत होती, पण तेवढीच, जेवढी कुणाच्याही दारावरची घंटा वाजवताना वाटते.

दहाएक दिवसांनी, ती हॉलमध्ये नव्या नमुन्यांना चिठ्ठ्या लावत असताना फोन थरथरला. तिने हातातली चिठ्ठी टाइलवर चिकटवली, बोटाने दाबून सरळ केली, आणि मग बघितलं. मास्तरांचा मेल होता. ‘टाइल्सचं वाचलं. हिलाही वाचून दाखवलं, तिला तो माणूस आवडला. माझा राग अजून गेलेला नाही. गेला की कळवीन.’ खाली सही, मास्तर. तिने तो उभ्याउभ्याच तीन वेळा वाचला. गेला की कळवीन. म्हणजे आणखी एक मेल येणार होता, कधी ते माहीत नव्हतं, आणि तो यावा म्हणून तिने करण्यासारखं काही नव्हतं. तिला हसू फुटलं, मोठ्याने, शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या त्या जराशा घोगऱ्या आवाजात, आणि रिकाम्या हॉलमध्ये ते चांगलंच घुमलं. गोदामवाल्याने दारातून डोकं आत घातलं. काय झालं मॅडम, म्हणाला.

‘काही नाही,’ ती म्हणाली, ‘एक जण रागावलेत माझ्यावर.’

‘मग हसताय काय?’

या वेळी त्याला तसंच वाटेला लावावं असं तिला वाटेना. तिने खुर्चीवरची खोकी उचलून खाली ठेवली. ‘बसा,’ ती म्हणाली, ‘सांगते.’